गॅसची शेगडी, हॉब, इंडक्शन की इन्फ्रारेड? नवं स्वयंपाकघर करणाऱ्यांसाठी

गेल्या वर्षी पुण्यातल्या आमच्या जुन्या फ्लॅटचं स्वयंपाकघर आम्ही नव्याने केलं. ओटा, ट्रॉल्या, सिंक, टाइल्स हे सगळं आठ दिवसांत ठरलं. शेगडी मात्र दुकानात बघताक्षणी आवडली म्हणून घेतली. काळी काच, चार बर्नर, ओट्याच्या पातळीत बसणारा साठ सेंटिमीटरचा हॉब. तीन महिन्यांत सासूबाईंनी भाकरी करणं जवळजवळ सोडलं, कारण शेजारी कुकर असला की तवा नीट बसेना. त्यानंतर हॉबच्या पुढची ग्रॅनाइटची पट्टी तडकली. शेवटी ओट्याचा तो दगड बदलावा लागला. आता आमच्याकडे ओट्यावर ठेवायची तीन बर्नरची शेगडी आहे आणि बाजूला एक इंडक्शन.

दगडाचा पैसा आम्हाला दोनदा द्यावा लागला. तो तुमचा वाचावा म्हणून आम्ही ज्या क्रमाने विचार करायला हवा होता, त्याच क्रमाने हे लिहिते आहे.

आधी शब्दांचा गोंधळ मिटवू. ओट्यावर ठेवायची, पाय असलेली असते ती शेगडी. दुकानदार तिला कुकटॉप म्हणतात. ओटा कापून आत बसवतात तो हॉब. काही मॉडेल दोन्ही प्रकारे चालतात, त्यांना हॉबटॉप म्हणतात. हॉब गॅसचा असतो तसाच इंडक्शनचाही असतो, त्यामुळे दुकानात नुसतं ‘हॉब दाखवा’ म्हणू नका.

१. आठवडाभराचा स्वयंपाक लिहून काढा

हे फालतू वाटेल, पण सगळं यावरच ठरतं. सात दिवस एका कागदावर लिहा: एका वेळी किती भांडी विस्तवावर असतात, त्यातलं सगळ्यात मोठं कोणतं, आणि थेट जाळ कशाला लागतो.

आमचा कागद असा निघाला. सकाळी साडेसातला एकाच वेळी कुकर, पोळ्यांचा तवा आणि भाजीची कढई. दूध आणि चहा त्याच्या आधी उरकलेला. म्हणजे खरी गरज तीन बर्नरची. चौथा बर्नर वर्षातून फार तर दहा दिवस लागतो, गौरी-गणपतीत आणि पाहुणे आले की. थेट जाळ लागतो भाकरी तव्यावरून उतरवून शेकायला, फुलक्यांना, पापडाला आणि भरताचं वांगं भाजायला. पुरणपोळीला जाळ लागत नाही, पण तवा कडेपर्यंत सारखा तापलेला लागतो.

ज्या घरात भाकरी रोजची आहे आणि ती करणारं माणूस साठीच्या पुढचं आहे, तिथे गॅसचे निदान दोन बर्नर ठेवाच. चाळीस-पन्नास वर्षं हाताला जाळाचा अंदाज असतो. बटणावरचे आकडे वाचून भाकरी करायला लावणं मला योग्य वाटत नाही. उलट घरात दोघंच असतील, दोघंही नोकरी करणारे, आणि वरण-भात, भाजी, चहा, मॅगी एवढाच रोजचा पसारा असेल, तर इंडक्शनवर फार छान निभतं.

२. घरात काय येतं ते बघा

दुकानात जायच्या आधी ही कागदपत्रं एका फाइलमध्ये ठेवा:

- गॅसचं पुस्तक किंवा पाइप गॅसचं शेवटचं बिल, ग्राहक क्रमांकासह
- शेवटची तीन लाइट बिलं
- ट्रॉलीवाल्याने दिलेलं ओट्याचं मापासह ड्रॉइंग
- भाड्याचं घर असेल तर ओटा कापायला किंवा नवी वायर ओढायला मालकाची लेखी परवानगी

सिलिंडर आणि पाइप गॅस यांच्यात फरक फक्त नळीचा नाही. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो वर जातो. म्हणून सिलिंडर ट्रॉलीत ठेवत असाल तर त्या कप्प्याला जमिनीलगत जाळी हवीच. ट्रॉलीवाले ‘दिसायला चांगलं नाही’ म्हणून ती टाळतात. ऐकू नका.

शिवाय दोन्ही वायूंची उष्णता सारखी नसते. एलपीजी त्याच आकारमानात कितीतरी जास्त उष्णता देतो, म्हणून त्याच्या जेटचं (बर्नरला गॅस सोडणाऱ्या छोट्या तोंडाचं) छिद्र बारीक असतं. एलपीजीची शेगडी तशीच पाइप गॅसला जोडली तर ज्योत मरतुकडी येते. पाइप गॅसचे जेट तसेच ठेवून सिलिंडर जोडला तर जाळ अंगावर येईल इतका मोठा होतो, आणि ते खरोखर धोक्याचं आहे. मुंबईत महानगर गॅस किंवा पुण्यात एमएनजीएलचं कनेक्शन घ्यायचा विचार असेल, तर शेगडी घेतानाच विचारा: दोन्ही जेट मिळतात का, आणि बदलून कोण देणार? जुने जेट पिशवीत घालून जपून ठेवा. घर बदलल्यावर लागतात.

लाइट बिलावर ‘मंजूर भार’ असा एक आकडा किलोवॉटमध्ये असतो. इंडक्शन घ्यायचं असेल तर तो आधी वाचा. दोन हजार वॉटचं इंडक्शन जवळपास ९ अँपिअर खेचतं. त्याच वेळी गीझर, एसी आणि मायक्रोवेव्ह चालू असेल तर एमसीबी (भार जास्त झाला की वीज आपोआप तोडणारा स्विच) पडतो. मिक्सर लावतो त्या ६ अँपिअरच्या छोट्या प्लगवर इंडक्शन कधीही लावू नका. त्याला १६ अँपिअरचा मोठा प्लग, नीट अर्थिंग आणि किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. आम्ही ४ ची ओढून घेतली. टाइल्स लागायच्या आधी इलेक्ट्रिशियनला हे सांगितलं तर खर्च किरकोळ, नंतर सांगितलं तर भिंत फोडावी लागते.

३. गॅस: ओट्यावरची शेगडी की हॉब?

इथे थोडं जास्त लिहिते, कारण बहुतेक घरांचा निर्णय शेवटी याच दोघांत होतो.

हॉब दिसायला सुंदर असतो. ओटा सपाट राहतो, भांडं थोडं खाली येतं, शेगडीखाली कचरा साचत नाही. ओटा उंच आणि स्वयंपाक करणारी व्यक्ती बुटकी असेल तर या दोन-तीन इंचांचा खांद्याला खरा आराम मिळतो. बऱ्याच हॉबना ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी यंत्रणा असते: बर्नरपाशी एक छोटी काडी असते, ती तापलेली आहे तोवरच गॅस चालू राहतो. दूध उतू जाऊन ज्योत विझली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तरी गॅस घरभर पसरत नाही. घरात विसराळू झालेली वयस्क माणसं असतील तर मी यासाठी जास्त पैसे द्यायला सांगेन. मात्र अशा बर्नरचं बटण पेटवताना काही सेकंद दाबून धरावं लागतं. हे घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा, नाहीतर ‘पेटतच नाही’ म्हणून पहिल्याच दिवशी तक्रार येते.

आता हॉबची दुसरी बाजू. ज्योत निळी राहायला बर्नरला हवा लागते आणि अनेक हॉब ती खालून घेतात. हॉबखालची ट्रॉली सगळीकडून बंद असेल तर ज्योत पिवळी होते आणि भांड्यांची बुडं काळी पडतात. आमच्याकडे नेमकं हेच झालं. मेकॅनिक दोनदा बर्नर साफ करून गेला आणि दोष निघाला ट्रॉलीत. दुसरं म्हणजे दुरुस्ती. साधी शेगडी कोपऱ्यावरचा माणूस अर्ध्या तासात उघडून साफ करून देतो. हॉब उचलायलाच कंपनीचा माणूस लागतो, आणि तो येईपर्यंत घरात चूल बंद.

बर्नरच्या संख्येला भुलू नका. साठ सेंटिमीटरच्या हॉबवर चार बर्नर बसवले की दोन मध्यांमधलं अंतर इतकं कमी होतं, की पाच लिटरचा कुकर आणि भाकरीचा तवा शेजारी-शेजारी राहत नाहीत. चार बर्नर हवेच असतील तर ७५ किंवा ९० सेंटिमीटरचा हॉब बघा. जागा साठचीच असेल तर तीन बर्नर घ्या.

बर्नरची ताकद माहितीपत्रकात किलोवॉटमध्ये दिलेली असते. छोटा साधारण १ किलोवॉटचा, मधला पावणेदोनच्या आसपास, मोठा ३ किंवा जास्त. मोठा बर्नर किती मोठा आहे हे सगळे सांगतात. तुम्ही विचारा, छोटा किती बारीक होतो? तूप कढवायला, खीर आटवायला, भाताला शेवटची वाफ द्यायला लागते ती मंद आच. दुकानात जोडलेली शेगडी असेल तर ज्योत सगळ्यात बारीक करून फुंकर घालून बघा. फुंकरीने विझणारी ज्योत खिडकीच्या वाऱ्यानेही विझेल.

बर्नर पितळी घ्या. काच टफन्ड असली तरी ती फुटू शकते: तापलेल्या काचेवर गार पाणी सांडलं, ओलं फडकं फिरवलं किंवा बुड फार पसरट असलेलं पातेलं तासन्‌तास ठेवलं आणि खालची उष्णता काचेवरच कोंडली, तर. मोठी पातेली नेहमीची असतील तर काचेपेक्षा स्टीलची शेगडी बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. एलपीजीच्या शेगडीवर आयएसआय खूण आणि ‘आयएस ४२४६’ हा आकडा बघा. या मानकानुसार निदान ६८ टक्के उष्णता भांड्यापर्यंत पोहोचायला हवी.

४. इंडक्शन: सोय मोठी, अटीही आहेत

इंडक्शनमध्ये काच तापत नाही, भांडं तापतं. काचेखालच्या तारेच्या वेटोळ्यातून फार जलद उलटसुलट होणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि त्याने भांड्याच्या बुडातच उष्णता निर्माण होते. म्हणून वाया कमी जातं. साधारण ८५ टक्के उष्णता अन्नात जाते. १८०० वॉटवर एक लिटर पाणी साडेतीन-चार मिनिटांत उकळतं. उन्हाळ्यात ओट्यापाशी उभं राहणाऱ्याला घाम कमी येतो, हा फायदा कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेला नसतो, पण आमच्याकडे एप्रिलमध्ये सगळ्यांना पटला.

अट पहिली, भांडी. लोहचुंबक घेऊन घरातल्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला लावा. घट्ट चिकटला तरच ते चालेल. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम, हिंदालियम चालत नाही. स्टीलचंही प्रत्येक भांडं चालत नाही. आमची लग्नातली चांगली जाड स्टीलची पातेली चुंबकाला दादच देईनात. लोखंडी कढई आणि बिडाचा तवा चालतो, पण बुड सपाट हवं. भाकरीचा खोलगट तवा काचेवर नीट टेकतच नाही. नवी भांडी घ्यावी लागली तर तो खर्च इंडक्शनच्या किमतीत धरा.

अट दुसरी, तवा. सुट्या इंडक्शनचं वेटोळं तव्यापेक्षा लहान असतं. मोठ्या तव्याचा मध्य लालबुंद आणि कडा कच्च्या राहतात, पोळी मधोमध करपते. सगळ्या तव्याला उष्णता पसरेपर्यंत मध्यम आकड्यावर चार-पाच मिनिटं तापू द्या, एकदम मोठ्या आकड्यावर जाऊ नका. पातळ लोखंडी तवा त्याने फुगतो आणि मग कायमचा डुगडुगतो.

अट तिसरी, मंद आच. बरीच सुटी इंडक्शन कमी आकड्यावर थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद अशी चालतात. बासुंदी किंवा तूप त्यामुळे थांबून-थांबून उसळतं आणि पातळ बुडाच्या भांड्यात लागतं. जाड बुडाचं भांडं घ्या.

आणखी काही गोष्टी ज्या कुणी सांगत नाही. इंडक्शनखाली वर्तमानपत्र किंवा प्लास्टिक अंथरू नका, खालच्या पंख्याची हवा अडते. ते गॅसच्या शेगडीवर ठेवून वापरू नका. रात्री आत झुरळं शिरतात आणि सर्किट जळतं, म्हणून काम झालं की पुसून, प्लग काढून उभं ठेवा. घरचा इन्व्हर्टर ते ओढू शकत नाही. जिथे वीज वारंवार जाते त्या गावात एकट्या इंडक्शनवर घर चालवू नका. घरात कुणाला पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

ओट्यात बसवायचा चार झोनचा, म्हणजे चार भांडी ठेवायच्या जागांचा, इंडक्शन हॉब ही वेगळीच गोष्ट आहे. सगळे झोन मिळून ७ किलोवॉटच्या पुढे जातो, म्हणजे ३० अँपिअरहून जास्त. त्याला मीटरपासून स्वतंत्र जाड वायर, स्वतंत्र एमसीबी आणि बहुधा मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. हे सगळं झाल्याची खात्री केल्याशिवाय तो घरी आणू नका.

५. इन्फ्रारेड कधी घ्यावं

यात काचेखालची तार लाल होते आणि उष्णता काचेतून भांड्याला मिळते. सपाट बुडाचं कुठलंही भांडं चालतं, पितळी पातेल्यापासून ॲल्युमिनियमच्या कुकरपर्यंत. तापायला आणि निवायला दोन्हीला वेळ लागतो, वीज इंडक्शनपेक्षा जास्त जाते, आणि बंद केल्यावरही काच बराच वेळ भाजेल इतकी तापलेली असते. घरात रांगणारं मूल असेल तर नकोच. भाड्याने राहणारे, जुनी भांडी न टाकता विजेवर स्वयंपाक करू पाहणारे यांच्यासाठी ठीक आहे. परदेशात ज्यांना भाड्याच्या घरात काचेची विजेची शेगडी आयतीच मिळते, त्यांची ती बहुधा याच जातीची असते. फुलके फुगवायला काचेच्या वर ठेवायची पाय असलेली स्टीलची जाळी तिथे कामी येते.

उघड्या तारेची स्वस्त कॉइलची शेगडी मात्र वसतिगृहातल्या मुलांनाही घेऊन देऊ नका. भांडं किंवा चमचा तारेला लागला तर शॉक बसू शकतो.

६. खर्चाचं गणित स्वतः करा

दर बदलत राहतात, म्हणून रुपये न देता मोजायची रीत देते. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट विजेइतकी उष्णता असते. चांगल्या शेगडीवर त्यातली ६८ टक्के, म्हणजे सुमारे १२२ युनिटइतकी कामी येते. तेवढंच काम इंडक्शनवर करायला १४० ते १४५ युनिट वीज लागेल. पाइप गॅसमध्ये तोच सिलिंडर म्हणजे अंदाजे १८ एससीएम (पाइप गॅसच्या बिलातलं घनमीटरचं माप).

आता तुमच्या सिलिंडरची किंमत १४५ ने भागा. जो आकडा येईल त्यापेक्षा तुमचा विजेचा दर कमी असेल तर इंडक्शन स्वस्त, जास्त असेल तर गॅस. पण दर कोणता धरायचा, इथेच बहुतेकांची चूक होते. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून जास्त, ३०१ ते ५०० ला आणखी जास्त अशा पायऱ्या असतात. नवी युनिट वरच्या पायरीवर चढतात. चाळीस दिवस सिलिंडर पुरणाऱ्या घराने सगळा स्वयंपाक इंडक्शनवर नेला, तर महिन्याला साधारण १०५ ते ११० युनिट वाढतील. आज तुमची युनिट २८० असतील तर त्यातली बरीचशी तिसऱ्या पायरीच्या दराने मोजावी लागतील. म्हणून सरासरी दर धरू नका, आपण ज्या पायरीवर जाऊ तिचा दर धरा, आणि त्यात वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा दर युनिटमागचा आकार) वगैरे मिळवा.

आमच्या घरी फक्त चहा, दूध आणि कुकर इंडक्शनवर गेला. बिल एक पायरी चढलं नाही आणि सिलिंडर दहा-बारा दिवस जास्त जातो.

७. दुकानात जाताना बरोबर काय न्यावं

टेप, लोहचुंबक, ओट्याचं ड्रॉइंग आणि तुमचा रोजचा कुकर, तवा व कढई. हो, खरंच पिशवीत घालून न्या. दुकानातल्या शेगडीवर तिन्ही एकदम ठेवून बघा. कढईचा कान शेजारच्या ज्योतीवर येतो का? छोटं चहाचं भांडं स्टँडवर स्थिर राहतं का, की कलंडतं? स्टँड उचलून बघा. जड बिडाचे स्टँड टिकाऊ असतात, पण रोज धुणाऱ्या हातांना ते पेलायला हवेत.

वॉरंटी विचारताना काच, बर्नर आणि व्हॉल्व्ह प्रत्येकाची वेगळी विचारा, आणि ती बिलावर लिहून घ्या.

८. हॉब घेत असाल तर ओटा कापण्याआधी

हॉब घरात येऊन खोक्यातून बाहेर निघेपर्यंत दगड कापू देऊ नका. आमचा ओटा माहितीपत्रकातल्या मापावर आधीच कापला गेला, प्रत्यक्ष आलेल्या मॉडेलचं माप थोडं वेगळं निघालं आणि ते जुळवताना पुढची पट्टी जेमतेम चार सेंटिमीटर उरली. तिथेच ती तडकली. पुढे-मागे निदान सहा-सात सेंटिमीटर दगड राहू द्या आणि कापाचे कोपरे गोलाई देऊनच कापायला सांगा. काटकोनी कोपऱ्यातून दगडाला चीर जाते. कापलेला तुकडा कारागिराला देऊन टाकू नका, पुढेमागे जोडायला उपयोगी पडतो. चिमणी असेल तर गॅसपासून ६५ ते ७५ सेंटिमीटर उंचीवर हवी.

९. बसवल्यावर लगेच आणि पहिला महिनाभर

नळी नारिंगी रंगाची, जाळी असलेली सुरक्षा नळीच घ्या. तिच्यावर मुदत छापलेली असते. पाच वर्षांनी बदला. नळी शेगडीमागून गरम भांड्यांना लागत जाऊ नये आणि ट्रॉलीत कुठे दुमडलेली नसावी. पाइप गॅसच्या लोखंडी वा तांब्याच्या नळीला मात्र ओळखीच्या प्लंबरला हात लावू देऊ नका, ते काम गॅस कंपनीच्याच माणसाचं.

प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावा. फुगे आले तर गळती आहे. काडी पेटवून कधीही तपासू नका. गॅसचा वास आला तर विजेचं कुठलंही बटण न दाबता रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर जाऊन फोन करा. एलपीजीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. तो आम्ही ट्रॉलीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे.

पहिला महिना रोज ज्योतीचा रंग बघा. पिवळी दिसली, पातेल्यांना काजळी धरली तर आधी हॉबखालची ट्रॉली उघडी ठेवून बघा. त्याने फरक पडला तर ट्रॉलीला जाळी बसवा, पडला नाही तर मेकॅनिकला बोलवा. आणि जुनी शेगडी या महिन्यात भंगारवाल्याला देऊ नका. नव्या शेगडीवर पोळ्या, भाकरी, एक सणाचा स्वयंपाक आणि पाहुण्यांचं एक जेवण होऊ द्या, मग द्या.